छंदाच्या रकान्यात काय लिहू, ताई?

अरे सोन्या, तुझा बायोडाटा मामीने मला व्हॉट्सॲपवर पाठवला. वर गणपती, खाली रास, गण, नाड, उंची, 'स्वतःचे घर, अंबरनाथ (प.)', सगळं जागच्या जागी. फक्त 'छंद' या एका रकान्यावरून तुमच्या घरात महाभारत चाललंय म्हणे. तू लिहिलंस, 'व्हिडिओ गेम, खाणं, फिरणं'. मामीला तिथे 'वाचन, संगीत, समाजकार्य' हवंय. मामा म्हणतो रकानाच काढून टाका, मुलाला पगार आहे तेवढं पुरे. मग फोन माझ्याकडे आला, "तू तरी सांग गं त्याला चार गोष्टी."

सांगते. पण त्या मामीला हव्या तशा असतील असं नाही.

खोटं काही लिहू नकोस. 'वाचन' लिहिलंस आणि मुलीकडच्या एखाद्या काकांनी शेवटचं पुस्तक कुठलं वाचलंस विचारलं, की पोह्यांच्या बशीत तोंड घालून बसावं लागेल. आपल्या बायोडाट्यांतली सगळी मुलं खरंच वाचत असती तर स्टेशनबाहेर वडापावच्या गाड्यांइतके पुस्तकांचे स्टॉल लागले असते. तुझं जे आहे ते आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अंबरनाथ ते सीएसएमटी साठेक किलोमीटर. रोज त्यातला बराचसा पल्ला तू उभ्याने काटतोस, जाऊन-येऊन तीन तास त्यात जातात. त्यावर ऑफिस. उरलेल्या वेळात तू मोबाईलवर चार मित्रांबरोबर खेळलास, नाहीतर रविवारी कुठेतरी जाऊन चमचमीत खाल्लंस, तर कुणाचं काय गेलं?

माझी तक्रार वेगळी आहे. मागच्या खेपेला तू घरी आला होतास तेव्हा मी तुला सहज विचारलं, काय खेळतोस रे एवढं? तू म्हणालास, "काही नाही गं, टाइमपास." खायला काय आवडतं? "काहीही." फिरायला कुठे जाता? "असंच, कुठेही." हे ऐकून मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ज्या गोष्टीवर माणसाला दहा मिनिटं रंगून बोलता येतं ती त्याची आवड. बाकीचं सगळं अंगठा वरखाली करणं. मुलगी बघायला गेल्यावर तुम्हा दोघांना गच्चीत नाहीतर बाल्कनीत अर्धा तास सोडतात ना, तिथे तू 'टाइमपास' म्हणून गप्प बसलास तर बिचारी कुंडीतली तुळस बघत बसेल.

गेमचंच घे. तुला वाटतं, ताईला यातलं काय कळतंय. अरे, आम्ही शाळेत होतो तेव्हा विम्को नाक्याजवळ राहणाऱ्या मैत्रिणीकडे टीव्हीला जोडायचा गेम आला होता. मारियो आणि काँट्रा. कॅसेट चालली नाही की काढायची, तिच्या फटीत जोरात फुंकर मारायची आणि परत खोचायची. फुंकरीने काही होत नसणार, पण तो विधी केल्याशिवाय गेम सुरू व्हायचा नाही अशी आमची श्रद्धा होती. मुलं पार्लरमध्ये नाणी टाकून 'मुस्तफा' खेळायची. खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', जपानच्या कॅपकॉमने 1993 साली काढलेला, पण आपल्याकडच्या पोरांनी त्यातला एक गडी उचलला आणि अख्ख्या खेळाला त्याचं नाव दिलं. तेव्हाही आया म्हणायच्या, डोळे जातील, परीक्षेत भोपळा मिळेल. त्यातली बहुतेक पोरं आज ईएमआय भरतायत. तेव्हा गेमने पोरं वाया जातात हे मामीचं वाक्य मी मनावर घेत नाही, तूही घेऊ नकोस.

पण तुझा तो बीजीएमआय गेम. शंभर जण विमानातून उड्या मारतात, झोन आवळत येतो, माईकवर "अरे रिव्हाइव्ह कर, रिव्हाइव्ह कर" असा आरडाओरडा, शेवटी एक टीम उरते. मी तुझ्या मागे उभी राहून एकदा अख्खी मॅच बघितली आहे. मजा असते, कबूल. तुझे डिप्लोमाचे मित्र आता कुणी पुण्यात, कुणी दुबईत, पण रात्री साडेदहाला सगळे त्या नकाशावर भेटतात. आमच्या वेळी नाक्यावर कट्टा असायचा, तुमचा तिथे आहे. हे बायोडाट्यात मावत नाही, पण तोंडाने सांगता येतं. 'मी गेम खेळतो' म्हटल्यावर समोरची घाबरेल. 'माझे शाळा-कॉलेजचे चार मित्र आहेत, आम्ही रोज तासभर एकत्र खेळतो' म्हटलंस तर ती तुला पुढचा प्रश्न विचारेल.

आणि नुसतं खेळू नकोस, त्याच्या आत शीर जरा. हे गेम बनवतं कोण, तुला माहीत आहे? पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या एका छोट्या कंपनीने 2020 मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला, जगभर विकला गेला. गोष्ट काय, तर राक्षस लहान भावाला पळवून नेतात आणि त्याची बहीण त्याला शोधायला निघते, वाटेत येईल त्याच्याशी लढत. (भावासाठी एवढं कोण करतं, हे तुला त्यातून कळलं तर बरंच.) पार्श्वभूमीला राजस्थानातले महाल, गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. पुण्याच्याच सुपरगेमिंगने 'इंडस' काढला. युबिसॉफ्टसारख्या मोठ्या कंपनीचाही स्टुडिओ पुण्यात आहे. तू मेकॅनिकलचा, तुला कॅड येतं. एखादा रविवार खर्च करून ब्लेंडर नावाचं थ्रीडी सॉफ्टवेअर उतरवून घे, फुकट मिळतं, आणि एक साधी बंदूक किंवा आपल्या स्टेशनचा पूल बनवून बघ. करिअर कर असं म्हणत नाही मी. पण ज्याने एकदा स्वतः काही बनवायचा खटाटोप केला आहे त्याचं बघणंच बदलतं.

आता जिथे मी ऐकून घेणार नाही ती गोष्ट. पैसा.

बंदुकीच्या रंगासाठी तू यूसी, म्हणजे त्या गेममधलं चलन, विकत घेतोस ते मला माहीत आहे. तुझ्या पगारातले शे-दोनशे तू कशावर घालवावेस हा तुझा प्रश्न. फक्त ते 'क्रेट' उघडायचं जे असतं ना, ज्यात काय निघेल ते आधी कळत नाही, तिथे सावध राहा. 'या वेळी नाही, पुढच्या वेळी नक्की' हे वाटणं हीच तिथे विकायला ठेवलेली वस्तू आहे. लॉटरीच्या दुकानावर उभ्या राहणाऱ्या माणसाला बघून तू हसतोस, आणि तुझ्या खिशात तेच दुकान आहे. नेमका कपडा नेमक्या किमतीला मिळत असेल तर घे, नाहीतर सोड.

आणि रमी, तीन पत्ती, टीम लावून पैसे जिंका, हा प्रकार तर घरात नकोच. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदाच केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. ई-स्पोर्ट्सला मात्र त्याच कायद्याने खेळ म्हणून मान दिला, म्हणजे तुझ्या स्क्वाडच्या मॅचला कुणाची ना नाही. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही, हे तू मला ऐकवशील म्हणून आधीच सांगते. शिक्षा नाही कारण तो आधीच लुटला गेलेला असतो. टेलिग्रामवर 'भाऊ, फक्त पाचशे टाक' अशा लिंका अजून फिरतात. ऑफिसातला कुणी दाखवायला लागला तर उठून चहाला जा.

किती खेळलं म्हणजे जास्त, असं मामी विचारते. तासांचं गणित मला पटत नाही. सुट्टीच्या दिवशी लोक पाच तास क्रिकेट बघतात, त्यांना कुणी डॉक्टरकडे नेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमचं व्यसन आजारांच्या यादीत घातलं, 2022 पासून ते लागू आहे, पण त्यांनीही तास मोजले नाहीत. थांबायचं ठरवून थांबता येत नाही, बाकी सगळं मागे पडलं, नुकसान दिसतंय तरी चालूच, आणि हे साधारण वर्षभर. असं असेल तर तो आजार. तुझं तसं नाही. तुझं एवढंच आहे की 'शेवटची मॅच' म्हणून दीड वाजतो आणि सकाळी लोकलच्या दारात तू डुलक्या काढतोस. कल्याण-ठाण्याच्या मध्ये दारात डुलकी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला हवं का? बाराच्या आत फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. संपला विषय.

आता खाण्याकडे वळूया, मलाही भूक लागली आहे.

तू जे खातोस त्याचे फोटो मी बघते. चीज ओतलेलं काहीतरी, त्यावर मेयोनीज, वर शेजवान चटणी, आणि नाव इटालियन. कधीतरी ठीक आहे रे, पण तू राहतोस कुठे ते बघ. रेल्वेने एक स्टेशन, शेअर रिक्षाने थोडंसंच, की उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडली, त्या छावणीचं 1949 साली उल्हासनगर झालं. म्हणून अजून पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर चार असंच सांगतात. घरदार मागे टाकून आलेल्या लोकांनी जे बरोबर आणलं त्यात त्यांचं खाणं होतं. सकाळी तिथे दाल-पकवान खा. मैद्याचं, जिरं-ओवा घातलेलं कुरकुरीत पकवान, वर मऊ पण मोडून न गेलेली चणाडाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. पकवान डाळीत बुडवून ठेवायचं नाही, तोडून डाळ उचलायची, नाहीतर ते मऊ पडतं आणि खेळ खलास. कोकी खा, सेल डबल खा. डबल म्हणजे पाव, मसाल्याच्या रश्शात परतलेला. विचार तिथल्या काकूंना, कमळाच्या देठाची भाजी कशी करता. खवय्या म्हणवून घ्यायचं तर विचारायची लाज नको.

आणि शेवळं. तुला माहीतच असतील, पण तू कधी हाताने केलीस का? मृगाच्या आगेमागे, पहिला पाऊस पडला की बदलापूर-वांगणीकडच्या ठाकर-कातकरी बाया शेवळांच्या जुड्या घेऊन स्टेशनजवळ बसतात. जांभळट, टोकदार, लांबून बघितलं तर कुणाला भाजी वाटणार नाही. त्याच बाईकडे काकडं नावाची हिरवी, आंबट फळं असतात, ती बरोबर घ्यायचीच, कारण शेवळं घशाला खाजतात आणि काकडांच्या आंबटपणाने ती खाज मरते. वरचं जांभळं आवरण काढायचं, आतला देठ ठेवायचा, आणि पिवळा दाणेदार भाग दिसतो तो न चुकता काढून टाकायचा. तिथे आळस केलास तर सगळं घर रात्रभर खाकरत बसेल. मग बारीक चिरून तेलावर परतायचं, काकडांचा ठेचून काढलेला रस, ओलं खोबरं, आणि सोलून ठेवलेली कोळंबी. मामीच्या हातची खातोस दरवर्षी ताट चाटूनपुसून. या जूनमध्ये तिच्या शेजारी उभा राहा आणि तू कर. वर्षातून दोन-तीन आठवडेच मिळते ती भाजी. छंद 'खाणं' असं लिहिणाऱ्याला एक तरी पदार्थ मुळापासून करता यायला हवा, हे माझं ठाम मत आहे. नुसतं खाणं काय, रेड्यालाही येतं.

राहिलं फिरणं. तुमचा ग्रुप वर्षानुवर्षं लोणावळा आणि अलिबाग करतो, ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस घालवून. आणि पुलापलीकडे, पूर्वेला, शिवमंदिर आहे तिथे तू शेवटचा गेलास तो महाशिवरात्रीच्या जत्रेत, पाळण्यात बसायला. अरे, ते देऊळ 1060 सालचं आहे. शिलालेखात शके 982 लिहिलंय. शिलाहार राजा छित्तराजाच्या काळात काम सुरू झालं आणि मुम्मुणीने पुरं केलं असं मानतात. एकदा जत्रा नसताना, सकाळी लवकर जा. बाहेरून शिखर बघ: चारी बाजूंना खालून वर गेलेले उभे पट्टे, आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या रांगा. याला भूमिज शैली म्हणतात. आत गेलास की गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि शिखर अपुरं असल्यामुळे वर मान केलीस तर आकाश दिसतं. भिंतीवरच्या मूर्तींची एकच बाजू घे आणि तासभर तेवढीच बघ. शेजारून वालधुनी वाहते, तिचं आपण काय करून ठेवलंय ते नाकालाच कळेल. हे एक डोळ्यांत बसलं की मग सिन्नरला जाऊन गोंदेश्वर बघ, तेही भूमिजच. दोन्हींत फरक काय ते तुझं तुलाच दिसायला लागेल, आणि पुढच्या वेळी मला तू सांगशील.

पश्चिमेतही बघायला काही कमी नाही, पण ते कुणी देखणं म्हणत नाही. विम्को म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, स्वीडिश लोकांनी काढलेला काडेपेट्यांचा कारखाना. कारखाना गेला, नाका उरला. मामाला विचार, त्याला आठवत असेल.

डोंगर करायचे तर कर. मलंगगड समोरच आहे, वांगणीकडून चंदेरी आहे, नेरळला उतरलास की पेब आणि माथेरान. चंदेरीच्या वरच्या कड्यावर मात्र जाणता माणूस आणि दोर असल्याशिवाय नाही. आणि पावसाळ्यात कोंडेश्वर नाही. मुळीच नाही. बदलापूरला इतकं जवळ, इतकं सुंदर, म्हणून तर पोरं जातात आणि त्या कुंडात बुडतात. दर पावसाळ्यात आपण कुणा ना कुणाचं वाचतो. धबधबा जिथे पडतो तिथला तळ पाण्यानेच कोरलेला असतो, काठाशी गुडघाभर वाटणारं पाणी दोन पावलांवर डोक्यावर जातं, खालून ओढ असते आणि खडकावर शेवाळ. तू टाकीत पोहायला शिकलास त्याचा तिथे काडीचा उपयोग नाही. वर डोंगरात पाऊस झाला तर खाली ऊन असतानाही लोंढा येतो. उल्हास नदीचं पाणी काय करू शकतं ते 2019 च्या जुलैमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलं. बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी होती आणि हजारावर माणसं बोटींनी काढावी लागली. बंदीचा बोर्ड लावलेला असेल तर तो दुसऱ्यांसाठी आहे असं समजू नकोस. मित्र हसले तर हसू देत.

एक शेवटचं, आणि हे मामीने सांगायला सांगितलेलं नाही.

तू शनिवारी रात्री खेळतोस तेव्हा तुझं जेवण झाकून कोण ठेवतं? रविवारी पहाटे ट्रेकला निघतोस तेव्हा चारला उठून तुझ्या डब्याचे पराठे कोण लाटतं? परत आल्यावर चिखलाने माखलेली ती पँट बादलीत कोण भिजवतं? तुझ्या फावल्या वेळाला त्या घरात एक माणूस आपला फावला वेळ देतं, आणि तिचा बायोडाटा कुणी कधी बनवला नाही म्हणून तिच्या छंदाचा रकानाही कुणी पाहिला नाही. मामी लग्नाआधी कॅरम खेळायची, माहीत आहे तुला? माझी आई सांगते, गल्लीतली मुलं तिच्याशी खेळायला घाबरायची. तुमच्याकडे कॅरमबोर्ड माळ्यावर आहे, त्यावर सुटकेस ठेवलेल्या आहेत.

उद्या तुझी बायको येईल. तीही बहुतेक नोकरी करणारी, तीही लोकलने जाणारी. तुझे रविवार ठरलेले आणि तिचे नाहीत, असं झालं तर तुझा गेम, तुझं खाणं, तुझे गड, सगळं तिला बोचायला लागेल आणि त्यात तिची चूक नसेल. म्हणून मुलगी बघायला जाशील तेव्हा तुझे छंद सांगून झाले की तिला तिचे विचार, आणि 'स्वयंपाक, विणकाम' असं पाठ केलेलं उत्तर आलं तर थांबू नकोस, परत विचार.

त्याची सवय घरापासून कर. या रविवारी पराठे तू लाट, वाकडे झाले तरी चालतील, आणि मामीला विचार तिला कुठे जायचंय. ती "मला कुठे जायचंय रे" म्हणेल. तेवढ्यावर सोडू नकोस.